क्रोशे : एका फासाचे विणकाम

टोकाला आकडा असलेल्या एकाच सुईने अखंड दोऱ्याचे फास एकमेकांत ओवत जाळी किंवा कापड तयार करणे, हे क्रोशाचे काम. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात. एखादा निसटला की ओळीमागून ओळ उसवत खाली जातो. क्रोशात टाका पुरा झाला की तिथल्या तिथे बंद होतो आणि सुईवर एकच फास उरतो. दूध उतू जायला आले, कोणी दार वाजवले, तर तो फास जरा लांब ओढून काम खाली ठेवता येते. चुकले तर टोक ओढायचे. हवे तेवढे सरसर उसवते आणि दोरा जसाच्या तसा परत मिळतो. पुढचा टाका शेजारच्याच घरात घातला पाहिजे असेही नाही. तो मागे, दोन ओळी खाली किंवा एकाच घरात पाच वेळा घालता येतो. या कलेचा बहुतेक इतिहास या एका फासामुळे घडला आहे.

मूळ टाके थोडे आहेत. पहिली साखळी : फासातून दोरा ओढायचा, की नवा फास. मुक्या खांबासाठी आधीच्या टाक्यात सुई घालून दोरा ओढून घेतात; सुईवर दोन फास होतात आणि दोन्हींतून दोरा एकदम काढला की टाका पुरा. खांब उंच करायचा तर आधीच सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेतात. मग सुईवर तीन फास होतात आणि ते दोन-दोन करून सोडवतात. वेढे वाढवले की खांब वाढतो. उलटून नवी ओळ सुरू करताना पहिल्या खांबाऐवजी तीन साखळ्या घालतात, नाहीतर कड आत ओढली जाते. भरीव जागा खांबांनी आणि मोकळी जागा साखळ्यांनी भरत चौकटी पाडल्या की मोर, कमळ, अगदी अक्षरेसुद्धा उमटतात. गोल रुमालाचे गणित ठरलेले आहे. मुक्या खांबांचा गोल सपाट राहायला प्रत्येक फेरीत साधारण सहा टाके वाढवावे लागतात, खांबांच्या गोलात बारा. कमी वाढवले तर रुमालाची वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला झालर येते. नवशिक्याची टोपी बिघडते ती बहुधा इथेच.

बारीक कामाला पिळदार, चकचकीत सुती दोरा लागतो. दोऱ्याचा क्रमांक वाढेल तसा तो बारीक : 10 क्रमांकाचा जाड, 60 किंवा 100 चा केसासारखा. त्या दोऱ्याला पोलादी सुई, लोकरीला प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची जाड सुई.

ही कला फार प्राचीन असल्याचे सांगितले जाते, पण एकोणिसाव्या शतकाआधीचा भक्कम पुरावा मिळत नाही. छापील नमुने पहिल्यांदा दिसतात ते 1823 मध्ये ‘पेनेलोपे’ या डच नियतकालिकात. एक मत असे की पूर्वेकडून युरोपात गेलेले आरीचे भरतकाम, ज्यात चौकटीवर ताणलेल्या कापडातून आकड्याने साखळी टाके काढतात, तेच पुढे कापड वगळून हवेत होऊ लागले. हे सिद्ध झालेले नसले तरी आरी आणि क्रोशाची सुई शेजारी ठेवली की पटण्यासारखे वाटते.

क्रोशाला खरी बाजारपेठ मिळाली ती आयर्लंडच्या दुष्काळात. 1845 पासून बटाट्याचे पीक रोगाने बुडाले. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळजवळ तेवढीच देश सोडून गेली. त्या वर्षांत कॉर्कजवळच्या जोगिणींच्या मठांनी बायकामुलींना क्रोशे शिकवले. क्लोन्स गावात धर्मगुरूची पत्नी कॅसँड्रा हँड हिने 1847 मध्ये असाच उद्योग उभा केला. व्हेनिसची सुईने केलेली लेस श्रीमंतांना हवी असे, पण तिला महिनेच्या महिने लागत. तसाच उठाव क्रोशाने कितीतरी लवकर साधता येतो, हे एलिओनोर रिएगो द ला ब्रांशार्डिएर हिने आपल्या पुस्तकांतून दाखवले होते. आयरिश पद्धतीत गुलाब, पाने, तीन पानांचे शॅमरॉक वेगवेगळे विणतात. आत जाड दोरी धरून तिच्यावरून टाके घालतात, म्हणून फूल उठून दिसते. मग सगळे तुकडे आराखडा काढलेल्या कापडावर पालथे टाचून मधली जागा जाळीने भरतात. तुकडे सुटे असल्याने काम वाटून घेता येई. एका घरात गुलाब, दुसऱ्यात पाने. भुकेलेल्या घरांना चार पैसे मिळाले, लेस मात्र विणणारीच्या अंगावर कधी चढली नाही.

हीच वाटणी आंध्रात आली. पश्चिम गोदावरीतल्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी लेस शिकवली आणि विसाव्या शतकात तिचा निर्यातीचा धंदा झाला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांच्या 1982 च्या ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ या पुस्तकाने त्याचा हिशेब मांडला. फुले करणाऱ्या वेगळ्या, जोडणाऱ्या वेगळ्या, मध्ये दलाल, वर निर्यातदार. घराबाहेर मजुरीला जाणे कमीपणाचे मानणाऱ्या कापू समाजातल्या बायकाही घरी बसून दिवसाचे कित्येक तास सुई चालवत. पण त्या ‘गृहिणी’, आणि लेस हा त्यांचा रिकाम्या वेळचा उद्योग, असे धरले जाई, त्यामुळे मजुरी अगदीच नाममात्र. काम कधीही खाली ठेवता येते, ही सोय इथे उलटली. नरसापूरच्या क्रोशे लेसला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नाव राखले जाईल. मजुरीचा प्रश्न वेगळा आहे.

महाराष्ट्रात क्रोशे बाजारापेक्षा घरातच जास्त वाढले. रुखवतात मुलीच्या हातचे तोरण आणि ताटावरचा रुमाल मांडायची पद्धत होती. टीव्ही, फ्रीज, रेडिओ यांवर जाळीचे रुमाल आले. पाण्याच्या तांब्यावरच्या रुमालाच्या कडेला मणी लावत, म्हणजे वाऱ्याने उडत नाही. मणी आधी दोऱ्यात ओवून घ्यायचे आणि लागेल तसा एकेक पुढे सरकवायचा, हे कौशल्य आजीकडून नातीकडे आले. गोव्यात चर्चच्या वेदीवरच्या कापडांना क्रोशाची लेस लागते; तिथे हे काम मुली जोगिणींच्या शाळांतूनही शिकल्या.

विणकामाची, बॉबिन लेसची यंत्रे केव्हाच निघाली. क्रोशे मात्र अजून कारखान्यात होत नाही. मऊ, हलत्या कापडातले नेमके घर शोधून, हव्या त्या कोनातून सुई आत घालणे बोटांना जमते, यंत्राला प्रयोगशाळेपलीकडे नीट जमलेले नाही. ‘क्रोशे मशीन’ म्हणून विकले जाते ते यंत्र उभ्या दोऱ्यांची वेगळीच वीण घालते. तेव्हा मॉलमध्ये टांगलेला क्रोशाचा टॉप खरा असेल तर तो कोणाच्या तरी हातचा आहे, किंमत कितीही कमी असो.

कडेला येणारी झालर गणितज्ञांच्या उपयोगी पडली. कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना टायमिना यांना विद्यार्थ्यांसाठी अतिवलयी (हायपरबोलिक) पृष्ठभागाचा नमुना हवा होता. कागदाचे नमुने लगेच फाटत. 1997 मध्ये त्यांनी तो क्रोशाने केला. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, प्रत्येक ओळीत तेच प्रमाण. कड झपाट्याने वाढत जाते आणि कापडाला वळ्या पडतात. काही प्रवाळांचा आकार असाच असतो, म्हणून मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी 2005 मध्ये लोकरीचे प्रवाळबेट उभारायला घेतले. पुढे अनेक देशांतल्या हजारो हातांनी त्यात भर घातली.

सध्या मागणी आहे ती जपानी पद्धतीच्या छोट्या खेळण्यांना आणि फुलांना. सूर्यफूल, ट्यूलिप, गुलाब यांच्या देठात तार घालून वर हिरवा दोरा गुंडाळतात. आपल्याकडे याच जोडीला क्रोशाचा गजरा आला. मोगऱ्याची कळी करताना एकाच घरात तीन-चार अर्धवट खांब घालतात, सगळे फास सुईवर धरून एकदम बंद करतात, की टपोरी कळी उभी राहते. दोन साखळ्या सोडून पुढची, मध्ये अबोलीच्या रंगाचा दोरा. असा गजरा कोमेजत नाही, धुता येतो आणि नाचाच्या वर्गांतून चांगला खपतो. किंमत ठरवताना विणणाऱ्या बायका लोकरीचे वजन सांगतात; त्यात गेलेले तास बहुतेकदा हिशेबातच धरत नाहीत.