‘इक्विनॉक्स’ म्हणजे काय? त्या दिवशी बारामतीत खरंच अंग भाजणारं ऊन पडतं का?

मार्चचा तिसरा आठवडा आला की व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘पुढचे पाच दिवस इक्विनॉक्स आहे, दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडू नका, पारा ४० अंशांवर जाणार.’ खोलीबाहेर मेणबत्ती ठेवा आणि ती न पेटवताच वितळते का बघा, असा प्रयोगही काही मेसेजमध्ये असतो. हाच मजकूर काही वर्षांपूर्वी मलेशिया-सिंगापूरमध्येही फिरला होता. बारामती एमआयडीसीत भर दुपारी पाळी बदलते. भिगवण रस्त्यावरून दुचाकीने घरी निघालेल्या कामगाराने हा मेसेज वाचून काय करायचं, पाच दिवस रजा टाकायची?

इक्विनॉक्स या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ ‘समान रात्र’. आपल्याकडे शाळेच्या भूगोलात हाच दिवस ‘विषुवदिन’ म्हणून येतो. वर्षातून दोनदा, साधारण २०-२१ मार्च आणि २२-२३ सप्टेंबरला, सूर्य बरोबर विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी तो नेमका पूर्वेला उगवतो आणि नेमका पश्चिमेला मावळतो. खरं तर हा ‘दिवस’ नसून एक क्षण आहे. त्यामुळे पाच दिवस चालणारा इक्विनॉक्स अशी काही गोष्टच नाही.

दिवस-रात्र अगदी समान असते हेही तंतोतंत खरं नाही. सूर्याची वरची कड दिसली की आपण सूर्योदय म्हणतो. शिवाय वातावरणामुळे प्रकाश वाकतो आणि सूर्य क्षितिजाखाली असतानाच दिसू लागतो. म्हणून बारामतीत २० मार्चला सूर्य ६.३६ च्या सुमारास उगवतो, ६.४३ च्या सुमारास मावळतो आणि दिवस १२ तास ७ मिनिटांचा भरतो. दिवस-रात्र खरोखर सारखी होते ती त्याच्या आठवडाभर आधी.

आता उन्हाचं. विषुवदिनी सूर्य डोक्यावर येतो तो विषुववृत्तावरच्या लोकांच्या. बारामती विषुववृत्ताच्या उत्तरेला १८ अंशांवर आहे, त्यामुळे तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ७२ अंशांवरच असतो. बारामतीच्या थेट डोक्यावर तो येतो १२-१३ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. जुलैअखेर सूर्य डोक्यावर असूनही कुणी उन्हाने हैराण होत नाही, कारण आभाळ भरलेलं असतं. सप्टेंबरच्या विषुवदिनी तर सूर्याची उंची मार्चइतकीच असते, तरी हवा पावसाळी असते. म्हणजे ऊन किती तापणार हे ढग, जमिनीतला ओलावा आणि वाऱ्यावरही ठरतं. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात ऊन वाढतं ते उन्हाळा सुरू झाल्यामुळे.

मेसेजमधला ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला चुकीचा नाही. घातक आहे ती त्याची मुदत. पाच दिवस सरले की धोका टळला असं वाचणाऱ्याला वाटतं, आणि पत्र्याच्या शेडखाली किंवा उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी खरा ताप तर एप्रिल-मेमध्ये असतो.

शब्दांचा गोंधळही बराच आहे. ‘विषुव’ म्हणजे दिवस-रात्र समान असण्याची स्थिती. ‘संपात’ म्हणजे दोन वर्तुळं एकमेकांना छेदतात तो बिंदू: आकाशातलं विषुववृत्त आणि सूर्याचा भासमान मार्ग. मार्चमधला तो वसंतसंपात, सप्टेंबरमधला शरदसंपात. ‘अयन’ मात्र वेगळं. सूर्याची उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकण्याची ती चाल, आणि ती २१-२२ डिसेंबर व २१ जूनच्या सुमारास पालटते.

मग उत्तरायण संक्रांतीला का मानतात? कारण संपातबिंदू स्थिर नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो आणि हा बिंदू साधारण ७२ वर्षांत १ अंश मागे सरकतो. ताऱ्यांना धरून चालणारी पंचांगं आणि ऋतू यांच्यात त्यामुळे आता सुमारे २४ दिवसांचं अंतर पडलंय. याच सरकण्याचा आधार घेऊन लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ लिहिलं. वेदकाळी वसंतसंपात मृगशीर्ष नक्षत्रात होता, असं त्यांचं म्हणणं. १९५७ मध्ये लागू झालेली आपली राष्ट्रीय दिनदर्शिका मात्र ऋतूंना धरून चालते. तिचा १ चैत्र येतो २२ मार्चला (लीप वर्षात २१ मार्चला), म्हणजे वसंतसंपाताला लागूनच.

जुन्या ज्योतिषात विषुवदिनाचा एक रोकडा उपयोग होता. १२ अंगुळांची काठी उभी करून त्या दिवशी मध्यान्हीची सावली मोजायची. तिला ‘पलभा’ म्हणतात, आणि तिच्यावरून गावाचा अक्षांश निघतो. पुण्याची पलभा साधारण ४ अंगुळं, बारामतीची किंचित कमी. हा प्रयोग कंपनीच्या आवारातही करता येईल. २० मार्चला १ मीटरची सरळ पट्टी उन्हात उभी धरायची आणि १२.३९ ला सावली मोजायची. बारामतीत ती ३३ सेंटीमीटरच्या आसपास भरेल. मेणबत्ती लागत नाही.