पेणची मुंबई होण्याआधी

मुंबई-गोवा महामार्ग कधी पूर्ण होणार, हे विचारता विचारता एक पिढी बालवाडीतून कॉलेजात पोहोचली. रस्ता आज ना उद्या होईल. पण झाल्यावर त्यावरून काय धावणार आणि ते येऊन थांबणार कुठे, हे आत्ताच ठरवायला हवं.

गणपती जवळ आले की आपल्या फीडवर दोन गोष्टी हमखास येतात. एक, मखराच्या आयडिया. दोन, मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांवरचे मीम्स. कुणी खड्ड्यात होडी सोडतं, कुणी चांद्रयान उतरवतं. आपण हसतो, शेअर करतो आणि पुढच्या वर्षी तेच मीम नव्या गाण्यावर परत येतं.

या सगळ्यात एका गावाचं नाव सारखं कानावर पडतं : कासू. बातम्यांमध्ये नेहमी 'पनवेल ते कासू' आणि 'कासू ते इंदापूर' असं असतं. पनवेल-इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा जिथे बरोब्बर अर्ध्यावर तुटतो, ते हे पेण तालुक्यातलं गाव. पळस्प्यापासून साधारण ४२ किलोमीटरवर. या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. मग भूसंपादन अडलं, कर्नाळा अभयारण्याच्या परवानग्या अडल्या, ठेकेदाराचे पैसे अडले, प्रकरण हायकोर्टात गेलं. शेवटी २०२३ मध्ये काँक्रिटीकरणाचा नवा नारळ फुटला.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. हा रस्ता पूर्ण व्हायलाच हवा. त्यावर माणसं मेली आहेत, अॅम्ब्युलन्स अडकल्या आहेत, आणि इथल्या लोकांनी धूळ खात वर्षं काढली आहेत. 'रस्ता नको' असं म्हणायची हिंमत पेण-रोह्यात कुणी करणार नाही, आणि करूही नये. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. दोन गावांना जोडणारा महामार्ग बांधणं वेगळं आणि वाढत्या शहरातली कोंडी रस्ते रुंद करून सोडवू म्हणणं वेगळं. पेण आता दुसऱ्या प्रकारात चाललंय.

कोंडी जाते कुठे?

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला. शिवडीहून न्हावा शेवा, २१.८ किलोमीटर, वीसेक मिनिटांत पार. मुंबईकरांना अलिबाग अचानक जवळ वाटायला लागलं. पण सेतूवर वाचलेली मिनिटं पुढे कुठे जातात, हे शनिवारी सकाळी वडखळला उभं राहून बघा. अलिबागचा रस्ता जिथे महामार्गातून फुटतो तिथपासून गाड्यांची रांग. समुद्रावर सुसाट आलेली गाडी शेवटी आपल्याच तालुक्यात येऊन थांबते.

हे वाहतूक अभ्यासकांना नवीन नाही. अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९६२ मध्येच मांडलं होतं की गर्दीच्या वेळी नवा रस्ता मोकळा राहत नाही, तो भरेपर्यंत लोक त्याच्याकडे वळत राहतात. कारण सोपं आहे. रस्ता मोकळा दिसला की आधी ट्रेनने जाणारा गाडी काढतो, आधी दुपारी जाणारा सकाळी निघतो आणि जो जाणारच नव्हता तोही 'चल, वीकेंडला जाऊन येऊ' म्हणतो. अमेरिकेत ह्यूस्टनला केटी फ्रीवे २००८ पर्यंत रुंद केला. सर्व्हिस रोड धरून काही ठिकाणी तब्बल २६ पदर. काही वर्षांतच ऑफिसच्या वेळेचा प्रवास पुन्हा लांबला.

इतक्या लांब जायचं नसेल तर पुण्याला चला. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल कोंडी सोडवायला बांधला होता. मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी २०२० मध्ये तो पाडावा लागला. पूल बांधण्याचा खर्च, पाडण्याचा खर्च, परत बांधण्याचा खर्च, आणि मधल्या काळात चौकातले हॉर्न, सगळं पुणेकरांच्या माथी.

पेणच्या दारात शहर

आता आपल्याकडे काय येतंय ते बघू. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. 'तिसरी मुंबई' म्हणून जे बोललं जातं, त्या कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराची अधिसूचना ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाली. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं त्यात आहेत. जमिनीच्या प्रश्नावर गावकऱ्यांचा विरोध आहे, तो वेगळा आणि मोठा विषय. विरार-अलिबाग कॉरिडॉरचा पहिला टप्पा नवघरहून निघून थेट पेणच्या बलवलीला येणार आहे. या कॉरिडॉरची आखणी झाली तेव्हा मोटारींच्या पदरांबरोबर बस आणि मेट्रोसाठीही जागा धरली होती. 'मल्टिमोडल' हे नाव त्यामुळेच. आता बघायचं एवढंच, की आधी काय धावतं : मोटारी की मेट्रो? आजवरचा अनुभव सांगतो की मोटारींचे पदर आधी होतात आणि बाकीचं 'पुढच्या टप्प्यात' जातं.

आणि या सगळ्याच्या शेवटी पेण शहर आहे. मूर्तींचे कारखाने, बाजारपेठ, एसटी स्टँड, शाळा-कॉलेजं, सगळं चालत जाण्याच्या अंतरात. गल्ल्या हातगाडी, सायकल आणि माणसांच्या मापाच्या. श्रावणात इथून गणपतीच्या मूर्ती टेम्पोत चढतात तेव्हा एक टेम्पो आडवा लागला तरी गल्ली बंद पडते. या गल्ल्या कितीही पाडल्या तरी महामार्गाइतक्या रुंद होणार नाहीत.

गाडी फक्त चालताना जागा खात नाही, उभी असतानाही खाते. पार्किंगची एक जागा अडीच मीटर बाय पाच मीटर धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, जवळजवळ १३५ चौरस फूट. दहा बाय बाराच्या खोलीपेक्षा मोठी! तुम्ही पेणला किंवा पनवेलला कॉट बेसिसवर राहत असाल तर हिशोब करा, त्या जागेत किती जणं झोपतात. नव्या इमारतीत किती पार्किंग हवं, हे बांधकाम नियमावलीत नीट लिहिलेलं असतं. त्याचा खर्च फ्लॅटच्या किमतीत जातो, म्हणजे गाडी नसलेलाही तो भरतो. समोर फूटपाथ आहे का, हे मात्र ताबा घेताना कुणी विचारत नाही.

'गाड्या कमी करा' म्हणजे कुणाच्या?

हा विषय निघाला की कट्ट्यावर एक आवाज येतोच : "आत्ता कुठे आमच्या घरात गाडी आली, आणि आता तुम्ही गाडी काढू नका सांगताय?" बरोबर आहे. मुंबई-पुण्याने चाळीस वर्षं गाड्या फिरवल्या आणि रायगडला उपदेश, हे कुणालाही खटकेल. गाडी ही आपल्याकडे हौस असते, तशी आजीला दवाखान्यात न्यायची सोयसुद्धा असते.

पण आकडा बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात मोटार असलेली घरं जेमतेम आठ टक्के आहेत. उरलेली माणसं पायी, सायकलने, बाइकवर, एसटीने, विक्रममध्ये कोंबून आणि ट्रेनने जातात. कासूहून पेणच्या कॉलेजला जाणारी मुलगी, नागोठण्याच्या किंवा धाटावच्या शिफ्टला जाणारा कंत्राटी कामगार, भाजीची पाटी घेऊन बाजाराला येणारी मावशी, हे या बहुसंख्यांतले. अटल सेतूवर तर बाइक आणि रिक्षाला प्रवेशच नाही. म्हणून 'रस्ते की गाड्यांवर मर्यादा' हा वाद गाडीवाले विरुद्ध पर्यावरणवाले असा नाहीच. रस्त्याची मर्यादित जागा आणि सरकारचा मर्यादित पैसा आधी कुणाला, एवढाच तो आहे.

गणपतीत जमतं, मग एरवी?

गंमत म्हणजे गाड्यांवर मर्यादा आणणं आपल्याला नवीन नाही. दरवर्षी गणपतीत याच महामार्गावर १६ टन आणि त्याहून जास्त वजनाच्या वाहनांना बंदी घालतात. एसटी हजारो जादा बस सोडते, रेल्वे गणपती स्पेशल सोडते. म्हणजे रस्ता सगळ्यांना पुरत नाही, हे सरकारला पक्कं ठाऊक आहे. अशा वेळी कुणाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवावं लागतं, आणि ते ठरवता येतं.

अर्थात नुसती इच्छा पुरत नाही, जुळणी नीट लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये कोकण रेल्वेने मोटारींसाठी रो-रो सुरू केली. गाडी मालगाडीवर चढवा, तुम्ही जोडलेल्या डब्यात बसा आणि थेट गोव्याला वेर्ण्याला उतरा. कल्पना झकास. भाडं एका गाडीला ७,८७५ रुपये, माणसांचं तिकीट वेगळं. पण गाडी चढवायची कुठे? रोहा तालुक्यातल्या कोलाडला! मुंबईकराने पनवेल-कासू-नागोठणे हा सगळ्यात रखडलेला पट्टा स्वतः पार करायचा आणि मग ट्रेनचा आराम घ्यायचा. प्रतिसाद थंड मिळाला, यात नवल नाही. पर्याय द्यायचा तर तो कोंडीच्या अलीकडे द्यावा लागतो, पलीकडे देऊन उपयोग नाही.

कासूकडे तसा पर्याय दाराशी आहे. पेण आणि नागोठण्याच्या मधलं छोटंसं रेल्वे स्टेशन. रोह्यापर्यंत रेल्वे १९८६ मध्ये आली, १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण धावतेय. एक्स्प्रेस गाड्या धाडधाड पुढे निघून जातात. आपल्यासाठी मात्र दिवा-रोहा मेमू आणि तिच्या मोजक्या फेऱ्या. एक चुकली की कॉलेजचे दोन लेक्चर गेले. मग घरी एकच विषय : "बाबा, बाइक घेऊन द्या." रूळ आहेत, वीज आहे, स्टेशन आहे. कमी आहेत त्या फेऱ्या. रस्त्याला हजारो कोटी मिळत असताना फेऱ्यांची मागणी निवेदनातच राहते, हे खरं दुखणं.

आधी बस, मग बंधन

लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये शहराच्या मध्यभागी गाडी आणायला दिवसाला पाच पौंड आकारायला सुरुवात केली. पण त्याच वेळी जवळपास ३०० जादा बस रस्त्यावर उतरवल्या. स्टॉकहोमने तर आधी चाचणी घेतली : जानेवारी ते जुलै २००६. सुरुवातीला लोकांचा विरोध होता. शुल्क लागू झाल्यावर शहरात येणारी वाहनं साधारण २० टक्क्यांनी घटली. चाचणी थांबताच गर्दी परत वाढली, आणि सप्टेंबरच्या सार्वमतात शहराने 'हो' म्हटलं. जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे : गाडी ठेवायला जागा दाखवा, मग गाडी घ्या. आपल्याकडेही २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी 'पार्किंग नसेल तर गाडीची नोंदणी नाही' अशी भूमिका मांडली. त्यावर बरीच आरडाओरड झाली. पण ती मुंबईसाठी उशिरा आलेली गोष्ट आहे. पेणसाठी अजून वेळेत आहे.

पेणला लंडनसारखं शुल्क नको, तेवढी गर्दी आज नाही. पण चार गोष्टी आजही होऊ शकतात. मेमूच्या फेऱ्या कॉलेज आणि शिफ्टच्या वेळांना जोडणं. स्टेशनपासून स्टँड आणि बाजारापर्यंत दर पंधरा मिनिटांना छोटी बस. बाजारपेठेत ठरावीक वेळेत मोटारींना बंदी आणि बाहेर पैसे भरून पार्किंग. आणि नव्या नगराच्या आराखड्यात आधी फूटपाथ, सायकलची वाट आणि बसचा पदर आखून मग मोटारींची जागा. महामार्गालगतच्या गावांना सर्व्हिस रोड आणि सुरक्षित भुयारी मार्ग हवा, हेही त्यातच आलं. चार पदर ओलांडून शाळेत जाणारी पोरं ही कुठल्याच प्रकल्पाची किंमत असू नये.

यात तुमचं काम काय? एसटीचा विद्यार्थी पास दोन तृतीयांश सवलतीत मिळतो, बसमध्ये महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. हे वापरा, कारण प्रवासी दिसले तरच फेरी टिकते. स्टँडवर बस चुकली तर डेपोत लेखी तक्रार द्या, स्टोरी टाकून थांबू नका. ग्रामसभेत रस्त्याचा ठराव येतो तसा रेल्वेच्या फेऱ्यांचा ठराव मांडा. आराखडे जाहीर झाले की हरकती-सूचनांची मुदत असते. जमिनीचे मालक हरकत घेतात, पण रोज चालत आणि एसटीने जाणारे कधीच घेत नाहीत. त्यांच्याकडून एक पान तुम्ही लिहू शकता.

पुढच्या गणपतीलाही खड्ड्यांचे मीम्स येतील, आपण हसूही. पण समजा एखाद्या वर्षी कासूपासून पळस्प्यापर्यंत रस्ता गुळगुळीत झाला आणि तरीही गाडी जागची हलली नाही, तर दोष ठेकेदाराला देता येणार नाही. तेव्हा मीम कुणावर करायचं?