पावणेदोनशे चौरस फूट, एक माणूस

मुंबईतल्या बीडीडी चाळीतली 160 चौरस फुटांची खोली डोळ्यांसमोर आणा. तिची फरशी उचलून भिंतीसारखी उभी करा, वर आणखी पंधरा चौरस फूट जोडा. झाला आयर्लंडच्या हर्लिंग या खेळाचा गोल! रुंदी साडेसहा मीटर, उंची अडीच. राखायला माणूस एक, हातात अ‍ॅशच्या लाकडाची काठी, म्हणजे हर्ली.

चेंडूचं वजन जेमतेम 110 ते 120 ग्रॅम. हसू नका! जोरकस फटक्याला तो ताशी 150 किलोमीटरच्या घरात जातो. मुंबईहून पुण्याला जायला डेक्कन क्वीनला तीन तासांहून जास्त लागतात. हा चेंडू आपल्या वेगाने जात राहिला तर तासाभरात पुण्यात! दहा लिटरची भरलेली कळशी विहिरीतून मीटरभर वर ओढायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी त्या चिमुकल्या गोळ्यात भरलेली. आणि हेल्मेटची सक्ती कधीपासून? 2010!

आता पेनल्टी. अंतर 20 मीटर, वेळ अर्ध्या सेकंदाहूनही कमी. क्रिकेटची खेळपट्टीही साधारण तेवढीच, 20.12 मीटर. वेगवान गोलंदाजाचा चेंडूही तसाच येतो. पण फलंदाजाच्या मागे असतं काय? नऊ इंच रुंद, अठ्ठावीस इंच उंच, तीन यष्ट्या. कागद घ्या, भागाकार करा. हर्लिंगचा गोल त्याच्या किती पट? शंभर! अगदी मोजून शंभर पट. पूर्वी पेनल्टीला गोलरेषेवर तिघे उभे राहत. 2015पासून गोलरक्षक एकटाच.

अशा जागेवर नोएल स्केहन किती काळ टिकला पाहा. बेनेट्सब्रिज गावचा हा गडी किलकेनी परगण्याकडून खेळायचा. या अख्ख्या परगण्याची वस्ती आजही लाखभर, म्हणजे आपल्या पंढरपूरएवढी. आणि ऑल-आयर्लंड विजेतेपदं 36, सगळ्यांत जास्त! स्केहनचं पहिलं पदक 1963चं, तेही राखीव म्हणून. गोलमध्ये त्याचाच नात्यातला ऑली वॉल्श उभा. 1967, राखीव. 1969, पुन्हा राखीव. नऊ वर्षं वाट पाहिली, आणि 1972ला गोलमध्ये उतरला तो थेट कर्णधार होऊन.

त्या वर्षीच्या ऑल-आयर्लंड अंतिम सामन्यात त्याने पाच गोल खाल्ले. पाच! एका गोलाचे गुण तीन, म्हणजे पंधरा गुण तिथेच गेले. तरी किलकेनीने कॉर्क परगण्याला 33–26 असं हरवलं. मग 1974, 1975, 1979, 1982, 1983. एकूण नऊ पदकं. तोवर एवढी कुणालाच मिळाली नव्हती. शिवाय सात ऑल-स्टार पुरस्कार. पहिल्या पदकापासून नवव्यापर्यंत वीस वर्षं. अहो, वीस वर्षांत आपल्याकडे माणूस नोकरीला लागतो, कर्ज काढतो, फेडतो आणि मुलीच्या लग्नाला लागतो!

आणि या सगळ्याचा पगार? हे अंतिम सामने होतात त्या क्रोक पार्क मैदानात आज 82,300 माणसं मावतात. आपल्या गच्च भरलेल्या सोळा लोकल रिकाम्या कराव्यात एवढी. तिकीट काढून आलेल्या त्या गर्दीसमोर खेळणाऱ्या खेळाडूंचं मानधन शून्य रुपये, शून्य पैसे. खेळ हौशी आहे, सगळे आपापली नोकरी-धंदा सांभाळून खेळतात.

नऊ पदकांच्या पुढे जायला 2014 साल उजाडावं लागलं. दहावं पदक हेन्री शेफलिनने घेतलं. तोही किलकेनीचाच.