घरोघरी वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमनं ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकांची मालिका जाहीर केली. यंत्रं लहानमोठी, पण एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालावा, ही त्यामागची कल्पना. यंत्रांची ओळख गेल्या भागात झाली. आता त्यांच्या ‘ओएस/३६०’ या ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळू.

ही सिस्टिम आणली आणि सुरू केली, असं होत नसे. कुणाकडे टेप जास्त, कुणाकडे डिस्क. मेमरी तर इतकी महाग, की आपल्याकडे नसलेल्या उपकरणाचा कोड आत ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून प्रत्येक केंद्र आपल्या मापाची सिस्टिम बांधून घेई. या कामाला म्हणत ‘सिसजेन’, म्हणजेच सिस्टिम जनरेशन.

ऑपरेटिंग सिस्टिम बांधायची, तर ती बांधणारा प्रोग्रॅम चालवायलाही ऑपरेटिंग सिस्टिमच हवी! हा पेच सोडवायला आयबीएम एक जुजबी ‘स्टार्टर सिस्टिम’ पाठवी. तिच्या आधारानं सिस्टिम प्रोग्रॅमर कामाला लागे. डिस्क कोणती, प्रिंटर कोणता, कुठल्या पत्त्यावर, हे सारं तो मॅक्रोंच्या रूपात ८० रकान्यांच्या कार्डांवर पंच करी. शेवटचा मॅक्रो ‘जनरेट’.

खरी गंमत पुढेच. ही कार्डं असेम्बलरला दिली जात, पण या टप्प्यात त्याच्याकडून मशीन कोडची अपेक्षाच नसे. ते मॅक्रो त्याच्याकडून नवी कार्डं पंच करवून घेत आणि हा नवा गठ्ठा म्हणजेच दुसऱ्या टप्प्याचे जॉब. प्रोग्रॅमनं प्रोग्रॅम लिहिण्याचा इतका रोकडा नमुना त्या काळात क्वचितच सापडेल.

दुसऱ्या टप्प्यात सगळाच सोर्स नव्यानं असेम्बल होई, असं मात्र नाही. बरीचशी मोड्यूल्स तयारच येत. लिंकेज एडिटर ती जोडून घेई. असेम्बल व्हायचे ते मुख्यतः त्या केंद्रापुरते तक्ते, उदाहरणार्थ प्रत्येक उपकरणाचा ‘युनिट कंट्रोल ब्लॉक’. तरीही यात तासन्‌तास जात. मॅक्रोतली ढोबळ चूक पहिल्याच टप्प्यात पकडली जाई. पण नियमात बसणारा चुकीचा पत्ता निमूटपणे आत शिरे आणि नवी सिस्टिम चालू केल्यावर उपकरण सापडेनासं होई.

सोर्सशी खरी झटापट ‘हास्प’मध्ये होई. ह्यूस्टनच्या नासा केंद्रासाठी आयबीएमच्याच माणसांनी लिहिलेला हा स्पूलिंग प्रोग्रॅम सोर्ससकट मिळे आणि केंद्रं त्यात हवे ते बदल करत. कार्डाच्या ७३ ते ८० या रकान्यांत क्रमांक असे. त्यावरून नवी ओळ नेमकी कुठे घालायची ते ठरे. आयबीएमची नवी आवृत्ती आली, की हे सगळे बदल तिच्यावर पुन्हा बसवायचे. ते काम सिसजेनपेक्षाही जिकिरीचं.

हास्पचं पुढे ‘जेईएस२’ झालं. १९८३ मध्ये आयबीएमनं ग्राहकांना केवळ ऑब्जेक्ट कोड देण्याचं धोरण जाहीर केलं. ग्राहकांनी त्याला कडाडून विरोध केला. जेईएस२चा सोर्स मात्र त्यानंतरही मिळत राहिला. त्या वादाविषयी पुढच्या आठवड्यात.