फोनवरचा नकार

सकाळी ७

दहाला सुनावणी आहे, म्हणून बसच्या वरच्या मजल्यावर बसून फाइल पुन्हा चाळते आहे. मध्य इंग्लंडमधल्या एका शहरातल्या सल्ला केंद्रात मी काम करते. भत्ते, थकलेलं भाडं, विजेची बिलं आणि कौन्सिल टॅक्स हे आमचे रोजचे विषय. ही फाइल ज्यांची आहे त्या ताई एकसष्ट वर्षांच्या. शाळेच्या स्वयंपाकघरात आठवड्याला वीस तास नोकरी करतात आणि बाकी दिवसरात्र आईचं करतात. ताईंच्या आई, म्हणजे आमच्या आजी, शहाऐंशीच्या आहेत, त्यांना डिमेन्शिया झालाय. पन्नास वर्षं या देशात काढली, पण इंग्रजी आता पार पुसलं गेलंय. बोलतात ती फक्त मालवणी. बाहेरून येणाऱ्या मदतनीस बाईला त्यातलं अक्षर कळत नाही, त्यामुळे सगळं ताईंवरच येऊन पडतं.

२०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ५० लाख लोकांनी आपण कुणाची तरी विनामोबदला काळजी घेतो अशी नोंद केली. त्यांतले जे माझ्यासमोर येऊन बसतात, त्यांच्यापैकी बहुतेकांनी कौन्सिल टॅक्समधल्या सवलतीचं नावही ऐकलेलं नसतं. ज्यांनी ऐकलेलं असतं, त्यांना कुणीतरी फोनवर 'नाही' सांगितलेलं असतं.

सव्वाआठ

केंद्र उघडायला अवकाश आहे. चहा घेऊन बसते आणि मुद्दे एका कागदावर उतरवते.

कौन्सिल टॅक्स १ एप्रिल १९९३ला पोल टॅक्सच्या जागी आला. आपल्याकडची घरपट्टी घरावर बसते. इथला कर अर्धा घरावर आणि अर्धा त्यात राहणाऱ्या माणसांवर. घराचा बँड, म्हणजे कराचा गट, १९९१च्या किमतीवरून ठरतो आणि पूर्ण बिल घरात दोन प्रौढ माणसं आहेत असं धरून काढतात. एकच माणूस मोजलं जात असेल तर २५ टक्के कमी, एकही मोजलं जात नसेल तर ५० टक्के. कुणाला मोजायचं नाही ते १९९२च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आणि त्याखालच्या नियमांत दिलंय. विद्यार्थी त्यात येतात. गंभीर मानसिक दुर्बलतेचा डॉक्टरी दाखला आणि त्याला जोडून ठरावीक भत्ता असलेली माणसं येतात. आणि केअरर, म्हणजे काळजी घेणारे, येतात.

केअररने त्याच घरात राहायला हवं. आठवड्याला सरासरी किमान ३५ तास काळजी घ्यायला हवी. ज्याची काळजी घ्यायची ते माणूस नवरा, बायको, जोडीदार किंवा स्वतःचं अठरा वर्षांखालचं मूल नसावं, आणि त्या माणसाला अटेंडन्स अलाउन्ससारखा भत्ता मंजूर असावा. बस्स, एवढंच. केअररची मिळकत किती, बँकेत शिल्लक किती, तिला स्वतःला केअरर्स अलाउन्स मिळतो की नाही, यातलं काहीही कायदा विचारत नाही.

ताईंच्या घरात माणसं दोन. आजी दाखल्यामुळे मोजणीतून वगळल्या जातात, ताई केअरर म्हणून. मोजायला कुणी उरत नाही, म्हणजे ५० टक्के सूट. कौन्सिलने आजींपुरते २५ टक्के दिले आणि ताईंना फोनवर सांगितलं की एका घराला एकच सवलत मिळते. शिवाय तुम्ही नोकरी करता, केअरर्स अलाउन्स घेत नाही, तेव्हा तुम्ही केअरर नाहीच.

केअरर्स अलाउन्स त्यांना का नाही? २०२५-२६ साली त्या भत्त्यासाठी कमाईची मर्यादा आठवड्याला १९६ पौंड होती. एक पौंड वर गेला तरी अख्खा भत्ता जातो. वीस तासांच्या पगारात ती मर्यादा ओलांडली जाते. पण तो केंद्र सरकारचा भत्ता, त्याचे नियम त्याच्यापुरते. कौन्सिल टॅक्सच्या नियमांत पैशाची एक मर्यादा आहे खरी, आठवड्याला ४४ पौंडांची. ती मात्र संस्थेमार्फत ठेवलेल्या, पगारी केअररना लागू होते. घरच्या माणसांना नाही.

२०२५-२६मध्ये इंग्लंडमध्ये डी बँडचं सरासरी बिल २,२८० पौंडांचं होतं. त्याचे २५ टक्के म्हणजे ५७० पौंड. ताईंच्या दोन आठवड्यांच्या पगाराहून ही रक्कम जास्त भरते. मागची वर्षं धरली तर विचारायलाच नको.

दहा

व्हॅल्युएशन ट्रायब्युनलची सुनावणी व्हिडिओवर आहे. ताई माझ्या शेजारी बसल्यात. आजींजवळ शेजारीण थांबलीय, त्यामुळे ताईंचं अर्धं लक्ष फोनकडे आहे.

इथवर पोचायची वाट फार लोकांना ठाऊक नसते. आधी कौन्सिलला लेखी कळवायचं की १९९२च्या कायद्याच्या कलम १६ खाली मी तुमच्या निर्णयाने नाराज आहे, कारणं अशी अशी. कौन्सिलला उत्तरासाठी दोन महिने मिळतात. उत्तर पटलं नाही तर त्यापुढच्या दोन महिन्यांत अपील करायचं. उत्तर आलंच नाही, तर पहिल्या पत्रापासून चार महिन्यांच्या आत. फी नाही, वकील लागत नाही. पॅनेलवर कायद्याचे पंडित नसतात, साधे नागरिक स्वेच्छेने हे काम करतात. कायदा समजावून सांगायला क्लार्क असतो.

'एका घराला एकच सवलत' हा मुद्दा लवकर निकालात निघाला. कलम ११ अध्यक्षांनी स्वतःच वाचून दाखवलं आणि कौन्सिलच्या प्रतिनिधीने तो सोडून दिला. खरी ओढाताण झाली ती ३५ तासांवर. वीस तास नोकरी करून पस्तीस तास काळजी कशी घेता, पुरावा काय?

पुरावा म्हणजे ताईंच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. इंडियन दुकानातून दरवर्षी आणतात. दुधाचा हिशेब लिहायच्या त्या चौकोनांत बारीक पेन्सिलीने नोंदी: '२.१० उठली', 'चादर', '४ परत', 'गोळी थुंकली', 'दाराशी उभी, घरी जायचं म्हणते'. संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळेखाली आईच्या झोपेची वेळ. हे कुणाला दाखवायला लिहिलेलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं तर सांगता यावं म्हणून त्या लिहीत गेल्या. मी पानांचे फोटो काढले, ओळीला ओळ इंग्रजीत उतरवली, खाली सही केली आणि आठवड्यांची बेरीज मांडली. सगळ्यात हलका आठवडा ४६ तासांचा निघाला.

कौन्सिलचा प्रतिनिधी सभ्य मुलगा होता. त्याने विचारलं, "रात्री झोपलेले तासही यात धरलेत का?" मी उत्तर द्यायच्या आत ताईच बोलल्या, "मी झोपले ते तास लिहिलेच नाहीत. उठले तेवढेच लिहिलेत." पॅनेलमधल्या बाईंनी ते वाक्य लिहून घेतलं.

शेवटचा मुद्दा मागच्या वर्षांचा. कौन्सिल म्हणते, सवलत द्यावीच लागली तर या एप्रिलपासून देऊ, आमचं धोरण तसं आहे. आमचं उत्तर कायद्याच्या दुसऱ्याच कलमात आहे: हा कर कुणी किती द्यायचा ते दिवसागणिक ठरतं. ज्या दिवशी ताई अटींत बसत होत्या, त्या दिवसाचा कर कमीच होता. अर्ज उशिरा आला म्हणून तो मागाहून वाढत नाही. काळजी घेणाऱ्या माणसाला फॉर्म सापडायला उशीर होतो, याचा दंड त्याच माणसाकडून वसूल करायचा हे मला कधीच पटलेलं नाही.

निकाल पोस्टाने येईल. ताई शेजारणीला फोन लावतच बाहेर पडल्या.

साडेबारा

डबा. मग हेल्पलाइन. एक फोन विजेच्या मीटरचा, एक चुकीच्या नंबरचा.

दोन

एक काका आलेत, ब्याऐंशी वर्षांचे. बायकोला पक्षाघात झालाय, ती चाकाच्या खुर्चीत आहे. दिवसभर तेच करतात सगळं. कुणीतरी सांगितलं म्हणून केअररच्या सवलतीसाठी आले. मला त्यांना सांगावं लागतं की नवऱ्याने बायकोची काळजी घेतली तर ही सवलत मिळत नाही. त्यांच्या जागी त्याच घरात राहणारी मुलगी असती तर मिळाली असती. ब्याऐंशीव्या वर्षी माणूस उचलून खुर्चीत बसवायचे श्रम लग्नामुळे हलके होत नाहीत. ही अट काढून टाकायला हवी, आणि आमच्या खासदारांना लिहिलेल्या पत्रात मी ते लिहिलंय.

पण बिल पाहिल्याशिवाय कुणाला परत पाठवायचं नाही. घरात खुर्ची फिरवावी लागते का? लागते. त्यासाठी जास्तीची जागा ठेवलीय? खालची बैठकीची खोली मोकळी केलीय. मग अपंगत्वासाठीची बँड-कपात मिळू शकते: बिल एका बँडने खाली उतरतं. सगळ्यात खालच्या ए बँडच्या घरांनाही ती कपात आहे. नवरा-बायकोचं नातं तिथे आड येत नाही. अर्ज इथेच भरला. काकांनी सही करताना विचारलं, "यात दया मागतोय असं तर दिसत नाही ना?" नाही, काका. हा तुमच्या बिलाचा हिशेब आहे, आणि तो आजवर चुकीचा केला गेलाय.

चार

पत्रं. तेवीस वर्षांच्या अपंग मुलाची आई. कौन्सिलने दोन महिन्यांत उत्तर दिलं नाही, चार महिने भरायच्या आत अपील गेलं पाहिजे. आजच पाठवलं, पोचपावतीची प्रत फाइलला लावली.

मग एका कौन्सिलच्या कर-विभागाला फोन. तिकडच्या अधिकारी बाईंनी नियम उघडून पाहिला, "तुमचं बरोबर आहे" म्हणाल्या आणि पाच मिनिटांत दुरुस्त बिल पाठवते म्हणाल्या. असेही लोक आहेत, हे सांगायलाच हवं. कायदा तोच, कर तोच; समोर कोण बसलंय त्यावर एखाद्या घराचे पाचशे पौंड अवलंबून राहतात, हीच तर माझी तक्रार आहे. म्हणून मी प्रत्येकाला सांगते की फोनवरचा नकार हा निर्णय धरू नका. लेखी मागा, तारीख घाला. कागद असला तरच पुढे अपील उभं राहतं.

पावणेसहा

ताईंचा फोन. "अगं, या महिन्याचा हप्ता भरू का थांबू?"

"भरा, ताई. अपील चालू असलं तरी बिल थांबत नाही. चुकला तर आधी स्मरणपत्र, मग वर्षाची सगळी रक्कम एकदम, मग मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स. जिंकलो तर जास्तीचे पैसे परत मिळतील."

"बरं. आणि आमच्या किचनमधली एक बाई आहे, वडील तिच्याकडे असतात. तिला मार्चमध्ये नाही म्हणाले."

"लेखी काही आलं?"

"छे, फोनवर."

"उद्या साडेनऊला पाठवा तिला. बिल आणि वडिलांच्या भत्त्याचं पत्र, दोन्ही घेऊन यायला सांगा."