खाऱ्या टांकींतील बुजरा पाहुणा

ज्या घरांत खाऱ्या पाण्याची टांकी असते, त्या घरांत एक प्रसंग आज ना उद्यां घडतोच. मोठ्या हौसेनें एखादा सुंदर मासा विकत आणला जातो, टांकींत सोडला जातो, आणि दुसऱ्याच क्षणीं तो दगडांच्या आड नाहींसा होतो. मुलें काचेला नाक लावून बसतात. वडील माणसें काचेवर टिचक्या मारून पाहतात. कोणी काठी घालून दगड हलवितो. दोन दिवस मासा दिसत नाहीं, आणि तिसऱ्या दिवशीं तो टांकीच्या मागें जमिनीवर वाळून पडलेला सांपडतो. मग जातच नाजूक होती, दुकानदारानें फसविलें, अशीं कारणें पुढें येतात. खरें कारण पुष्कळदां निराळें असतें. भित्र्या माशाला पहिल्या आठवड्यांत जें हवें असतें, तें त्याला मिळालेलें नसतें. आणि जें नको असतें, तें मात्र सर्वांनीं मिळून भरपूर दिलेलें असतें.

अशा माशांचें एक उत्तम उदाहरण म्हणजे फायरफिश. त्याचें शास्त्रीय नांव नेमाटेलिओट्रिस मॅग्निफिका असें असून, अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ हेन्री फाउलर यांनीं १९३८ सालीं त्याचें प्रथम वर्णन केलें. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून हवाई बेटांपर्यंतच्या उष्ण समुद्रांत तो आढळतो. लांबी फार तर नऊ सेंटिमीटर. अंगाचा पुढील भाग पांढुरका, मागील भाग शेपटीकडे जातां जातां केशरी व गडद तांबडा होत जाणारा, आणि पाठीवरील पहिल्या परांतून एक लांब, बारीक काडी उभी राहिलेली. ही काडी तो सारखी पुढेंमागें हलवीत असतो. निसर्गांत प्रवाळखडकांच्या पायथ्याशीं त्याचें एक बीळ असतें. बिळाच्या थोडेंसें वर, प्रवाहाकडे तोंड करून, तो एकाच जागीं तरंगत राहतो व प्रवाहाबरोबर वाहत येणारे सूक्ष्म प्राणी टिपून खातो. एखादी सावली पडली कीं निमिषार्धांत तो बिळांत शिरतो.

या एवढ्याशा वर्णनांत त्याच्या संगोपनाचें सारें मर्म आलें आहे. त्याचें अन्न उघड्या पाण्यांत आहे; तें मिळविण्यासाठीं त्याला बाहेर यावेंच लागतें. परंतु परतीची वाट जवळ आहे अशी खात्री असल्याखेरीज तो बाहेर येत नाहीं. म्हणून मासा नजरेस पडावा या इच्छेनें जो मनुष्य टांकींतील कपारी कमी करतो, त्याच्या दृष्टीस तो क्वचितच पडतो. आणि जो त्याला भरपूर आडोसा देतो, त्याच्या टांकींत तो उघड्यावर तरंगूं लागतो. ज्याला बीळ सांपडलेलें नाहीं असा फायरफिश घाबरला म्हणजे पाण्याबाहेर उडी घेतो. समुद्रांत उडी घेतलेला मासा पुन्हां पाण्यांतच पडतो. घरांत तो फरशीवर पडतो.

यासाठीं तयारी मासा आणण्यापूर्वींच करावयाची असते. पहिली गोष्ट पाण्याची. माशांच्या उत्सर्गांतून व सडलेल्या अन्नांतून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विषासारखा बाधतो. कांहीं सूक्ष्म जंतु या अमोनियाचें नायट्राइट बनवितात, व दुसरे कांहीं जंतु नायट्राइटचें त्यामानानें निरुपद्रवी असें नायट्रेट बनवितात. ही क्रिया घडविणारे जंतु वेगळे काढून त्यांचा अभ्यास रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनीं १८९० च्या सुमारास केला. नव्या टांकींत या जंतूंची पुरेशी वस्ती होण्यास साधारणपणें चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट हीं दोन्ही शून्यावर आल्याखेरीज मासा आणूं नये.

दुसरी गोष्ट आडोशाची. दगड अशा रीतीनें रचावे कीं माशाच्या अंगाहून थोड्याशाच मोठ्या अशा अनेक कपारी तयार होतील, व त्यांपैकीं कांहीं प्रवाहाच्या वाटेजवळ असतील. दगडांचा पाया वाळूवर न ठेवतां टांकीच्या तळाशीं नीट टेकवावा, म्हणजे रचना ढासळत नाहीं. भारतांत समुद्रांतून प्रवाळ काढण्यास वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें मनाई आहे. म्हणून मत्स्यपालनासाठीं तयार केलेले कृत्रिम सच्छिद्र दगडच वापरावे. तिसरी गोष्ट झांकणाची. टांकीचें सर्व तोंड बारीक जाळीनें झांकावें, आणि नळ्या व विजेच्या तारा जेथून आंत जातात त्या फटीहि बंद कराव्या. बारीक अंगाच्या माशाला बोटभर फट पुरते.

आतां प्रत्यक्ष आगमनाचा विचार. समुद्रांतील माशाच्या रक्तांत क्षारांचें प्रमाण सभोंवतालच्या पाण्यापेक्षां पुष्कळ कमी असतें. त्यामुळें त्याच्या शरीरांतील पाणी सतत बाहेर झिरपत असतें; ही तूट तो समुद्राचें पाणी पिऊन भरून काढतो व जादा क्षार मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. दुकानांतील पाणी याहून कमी खारट असूं शकतें, आणि कमी खारट पाण्यांतून अधिक खारट पाण्यांत एकदम जाणें माशाला फार जड जातें. म्हणून बंद पिशवी प्रथम पंधरा-वीस मिनिटें टांकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे उष्णता सारखी होते; ही उष्णता २४ ते २७ अंश सेल्सिअस असावी. नंतर मासा पिशवींतील पाण्यासह एका स्वच्छ भांड्यांत काढून, बारीक नळीनें टांकीचें पाणी त्यांत थेंबथेंब सोडावें. प्रवास तास-दोन तासांचा असेल, तर या कामास अर्धा ते एक तास पुरतो.

प्रवास रात्रंदिवसाचा असेल, तर मात्र ही रीत उलटते. बंद पिशवींत माशाच्या श्वासानें कार्बन डायऑक्साइड सांठतो व पाणी किंचित् आम्ल होतें. अशा पाण्यांत अमोनिया बऱ्याच अंशीं कमी घातक रूपांत राहतो. पिशवी उघडतांच तो वायु निघून जातो, आम्लता घटते, आणि तोच अमोनिया विषारी रूप घेऊं लागतो. अशा पाण्यांत माशाला तासभर ठेवणें म्हणजे दयेपोटीं त्याला इजा करणें होय. तेथें दुकानदाराकडून पाण्याचा खारटपणा आधींच विचारून घ्यावा, तेवढ्याच खारटपणाचें ताजें पाणी तयार ठेवावें, व उष्णता सारखी होतांच मासा त्यांत सोडावा. पुढें खारटपणा कांहीं दिवसांत हळूहळू वाढवावा. कोणत्याहि परिस्थितींत पिशवींतील पाणी टांकींत ओतूं नये.

नवा मासा प्रथम एका निराळ्या लहान टांकींत किमान चार आठवडे ठेवणें शहाणपणाचें असतें. क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स नांवाच्या एकपेशीय परजीवीमुळें अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग एका माशाबरोबर आंत येऊन सर्व टांकींत पसरूं शकतो. मात्र या विलगीकरणांतहि माशाची भीति विसरूं नये. प्लॅस्टिकच्या नळीचे चार-सहा तुकडे तळाशीं ठेवावे, तीन बाजूंच्या काचांना बाहेरून कागद लावावा, आणि वर जाळी घालावी. हेंच त्याचें पहिलें बीळ.

मोठ्या टांकींत जाण्याचा दिवस आला म्हणजे दिवे मालवून, संध्याकाळच्या वेळीं मासा सोडावा. तत्पूर्वीं कांहीं दगडांची जागा बदलली, तर जुन्या रहिवाशांच्या हद्दी मोडतात व पाहुण्यावर धांवून जाण्यापेक्षां ते स्वतःचीच जागा शोधण्यांत गुंततात. कोणी दांडगाई करील अशी शंका असेल, तर छिद्रें असलेल्या पारदर्शक पेटींत, नळीच्या एका तुकड्यासह, पाहुण्याला कांहीं दिवस टांकींतच ठेवावें. दोन्ही पक्षांना एकमेकांच्या दर्शनाची संवय होते. जोडी नसलेले दोन फायरफिश मात्र एका लहान टांकींत ठेवूं नयेत. ते आपसांत झुंजतात. काचेवर टिचकी तर मारूंच नये. माशाला पाण्याची बारीकशी हालचालहि कळते. टिचकी हा त्याच्या लेखीं मोठाच हादरा असतो.

अन्न थोडें, परंतु दिवसांतून दोन-तीन वेळां द्यावें. आर्टेमियाचीं जिवंत पिलें किंवा गोठविलेली मायसिस कोळंबी बारीक नळीनें प्रवाहांत अशी सोडावी कीं ती बिळाच्या तोंडावरून वाहत जाईल. तळाशीं पडलेलें अन्न हा मासा सहसा उचलीत नाहीं. उरलेलें सर्व काढून टाकावें. शांत स्वभावाचे, मोकळ्या पाण्यांत हिंडणारे सोबतीहि त्याला धीर देतात. अमेरिकन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ जॉर्ज बार्लो यांनीं १९६८ सालीं असें दाखविलें कीं, निर्धास्तपणें पोहणारे दुसरे मासे समोर असले म्हणजे भित्रे मासे लवकर स्थिरावतात. पोहणाऱ्यांची बेफिकिरी हीच त्यांना शत्रु जवळ नसल्याची खूण वाटते.

इतकें झाल्यावर उरतें तें वाट पाहणें. पहिले कांहीं दिवस बिळाच्या तोंडाशीं केवळ डोळे दिसले, तरी प्रगति समजावी. पुढें तो अन्नाच्या वेळीं क्षणभर बाहेर येतो, मग थोडा अधिक वेळ, आणि शेवटीं प्रवाहाकडे तोंड करून, पाठीवरची काडी हलवीत, आपल्या जागीं तरंगूं लागतो. मात्र आठवडा होऊनहि तो कांहींच खात नसेल, तर त्याच्यावर रागें भरण्याऐवजीं त्याला बिळांत कोंडून ठेवणारा दांडगा शेजारी कोणता, तें शोधावें व त्याला हलवावें.

बाजारांत येणारे फायरफिश बहुतांशीं समुद्रांतून पकडलेले असतात. फरशीवर वाळून गेलेल्या प्रत्येक माशामागें एका प्रवाळखडकाजवळचें एक बीळ रिकामें झालेलें असतें. ज्या घरांत महिनाभर वाट पाहण्याइतका निवांतपणा नसेल, त्या घरानें हा मासा आणूंच नये. टांकींतच जन्मलेले क्लाउनफिश बाजारांत मिळतात; ते धीट असतात, आणि मुलांची हौसहि ते लवकर पुरवितात.