तरंगफलन ‘एकदम’ कोसळतं, पण कोणाच्या घड्याळानुसार?

गैरसमज: गुंतलेल्या दोन कणांपैकी एकाचं मोजमाप झालं, की दूरच्या जोडीदाराला तत्क्षणी निरोप पोहोचतो. म्हणजे प्रकाशापेक्षा वेगानं काहीच जात नाही म्हणणारा आइन्स्टाइन हरला.

वस्तुस्थिती: निरोप जातच नाही. भौतिकशास्त्रज्ञ अलें आस्पे यांनी १९८२ मध्ये फ्रान्समध्ये केलेल्या प्रयोगांत दोन्हीकडचे निकाल विलक्षण जुळले, हे खरं. पण प्रत्येक बाजूला स्वतंत्रपणे पाहिलं, तर तिथले आकडे निव्वळ यादृच्छिक असतात. जुळणी कळते दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर, आणि नोंदी प्रकाशापेक्षा वेगानं नेता येत नाहीत.

खरी अडचण एककालिकतेत आहे. दूरच्या दोन घटनांपैकी आधी कोणती घडली, याचं उत्तर पाहणाऱ्याच्या गतीनुसार बदलू शकतं, हे सापेक्षता सिद्धांतानं १९०५ मध्येच सांगितलं. मग मोजमाप होताच तरंगफलन (कण कुठे सापडण्याची किती शक्यता आहे, हे सांगणारं गणिती वर्णन) सगळीकडे एकाच वेळी कोसळतं, म्हणजे एका निकालापाशी आक्रसतं, असं म्हणताना ती वेळ कोणाची धरायची? हा प्रश्न मला वेगाच्या प्रश्नापेक्षा कितीतरी खोल वाटतो.

कोसळायला पाहणारा माणूस लागतो, हाही गैरसमजच. घिरार्दी, रिमिनी आणि वेबर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात प्रत्येक कणाचं तरंगफलन आपोआप आक्रसतं, सरासरी तीस कोटी वर्षांतून एकदा. त्यामुळे एकटा इलेक्ट्रॉन पसरलेलाच राहतो. एक ग्रॅम वस्तूत मात्र हे सेकंदाला काही कोटी वेळा घडतं, आणि एका कणाची जागा ठरली, की अख्ख्या वस्तूची ठरते.

‘पण असे सिद्धांत सापेक्षतेत बसूच शकत नाहीत’, असं अनेक जण ठामपणे सांगतात. रोडेरिख टुमुल्का यांनी २००६ मध्ये ते बसवून दाखवलं. जॉन बेल यांनी १९८७ मध्ये सुचवलेली कल्पना त्यांनी धरली: आक्रसण्याचा प्रत्येक केंद्रबिंदू म्हणजे अवकाश-काळातली एक ठिणगी, आणि पदार्थ अशा ठिणग्यांचाच बनलेला. पुढची ठिणगी कधी पडेल याची संभाव्यता मागच्या ठिणगीपासून त्या कणाच्या स्वतःच्या काळात मोजली, की कोणाचंही खास घड्याळ लागत नाही.

हे मॉडेल परस्परांवर बल न लावणाऱ्या, ठरावीक संख्येच्या कणांपुरतं होतं. अपुरं, पण अशक्य नव्हे. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. कण निर्माण आणि नष्ट होऊ शकतात अशा क्षेत्र सिद्धांतात शिरल्यावर गाडं अडतं. फिलिप पर्ल यांच्या १९९० च्या प्रयत्नात गणितानं पोकळीतूनच अमर्याद ऊर्जा निर्माण केली, आणि ती आवरण्याचे मार्ग संशोधक अजून शोधत आहेत.